पेशंट ड्रेस्ड

रात्रपाळीच्या वहीत मी इंग्रजीत लिहिलं होतं,
निळ्या पेनानं, अक्षर जपून:
पेशंट ड्रेस्ड, तीन वाजून दहा.

सकाळी गेडाम मॅडमनी त्याला लाल गोल केला.
"काहून वं, कपडे घातले का त्याले?
जखम ड्रेस होते. माणूस नाही."

माझ्याजवळ एकच क्रियापद, करणे.
फोन करते, नाइट करते,
"ड्रेसिंग करून राहिली" म्हटलं की वॉर्डात सगळ्यांना समजतं.
तिकडे तुमसरला आई बांधते:
बोटाला चिंधी, बाबांचा डबा, दावणीला म्हैस,
आणि सहा वर्षं थोडं थोडं करत
एक घर.
पण जखमेला कपडे घालायचे असतात
हे आमच्याकडे कुणी बोललं नव्हतं.

मेयोचा जिना उतरताना लक्षात आलं,
आपण तिला उघडी म्हणतोच की.
उघडी जखम. उघडं अंग.
इतकी वर्षं आपल्या भाषेत
ती तशीच उभी, थंडीत.

हेडाऊकाका आले होते संक्रांतीच्या आदल्या रात्री.
पाचपावलीच्या पुलावर, चालत्या गाडीवर,
हनुवटीखाली नायलॉनचा मांजा.
सात टाके.
मी गॉझची घडी घालत होते
तर त्यांनी डोळे मिटूनच कोपरा चिमटीत धरला.
"विरळ आहे पोरी. आमच्या मागावर असं निघालं असतं
तर शेठनं मजुरी कापली असती."
हसायला गेले, टाका ओढला गेला.

त्यांचा शर्ट कॅज्युअल्टीतच
कात्रीनं उभा फाडलेला.
पलंगामागच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा.
मी कपाटातून दवाखान्याचा सदरा काढला,
आधी सलाईनचा हात, मग मोकळा,
मानेला धक्का न लावता
मागचे बंद बांधले.
ते म्हणाले, "हे कापड बरं आहे."

तर मॅडम, वाक्य चुकलं, मान्य.
लाल गोलाखाली मी सुधारून लिहिलं:
वूंड ड्रेस्ड, तीन दहा.
आणि त्याच्याखाली, कुणी विचारलं नसताना:
पेशंट ड्रेस्ड, तीन वीस.

मॅडमनी दोन्ही ओळी वाचल्या.
पेन उघडलं. सही केली.
मग चष्म्यावरून बघत विचारलं,
"सदऱ्याची नोंद लिननच्या वहीत केली का?"

नव्हती केली.