अक्षरी दहा रुपये

मारुती रोडच्या कोपऱ्यावर दस्तगीरचं खोकं आहे,
भांड्यांवर नाव घालायचं.
पाटी लावलीय: अक्षरी दहा रुपये, जोडाक्षर वीस.
मी आत्या. पिशवीत चांदीची वाटी,
रविवारी बारसं, नाव ठरलेलं.
लिहायचं कसं, तेवढंच राहिलंय.

भरतेश म्हणतो, वत्सला. त ला स. शुद्ध.
हजेरी घेताना बाई अडखळायला नकोत.
वहिनी म्हणते, आईंचंच नाव ठेवू, मला जुनं आवडतं,
पण इंग्रजीत व्ही लावायचा की डब्ल्यू
ते तिचा भाऊ आकडे मांडून सांगणार आहे.
शेवटी एक ए जास्त घातला
तर पोर परदेशी जाईल म्हणे.

आणि आई, जिचं हे नाव,
ती वछला होती.
अर्धा त नाही, स नाही,
सरळ छ, शेपटाला गाठ मारल्यासारखा.
हळदीच्या वखारीत वीस वर्षं अंगठा दिला तिनं,
मग रात्रीच्या वर्गात तीन अक्षरं शिकली.
तीनच. पुढं बाईंची बदली झाली, वर्ग बंद.
पगाराच्या दिवशी पिवळ्या बोटांनी पेन धरून
व काढायची, थांबायची,
छ काढायची,
ला पर्यंत पोचेस्तोवर मागची रांग कुरकुरायची.
बँकेतला साहेब म्हणाला, मावशी, असं नाव नसतं.
ती म्हणाली, मग हितं उभी हाय ती कोण?

दोन हजार पाचला कृष्णेचं पाणी छपराला लागलं.
उतरल्यावर गल्लीभर भांडी,
गाळानं सगळी एका रंगाची,
ज्यानं त्यानं पुसून नाव बघायचं.
वत्सला आमच्यात तिघी:
पाटलांची, शिंप्यांची, मागच्या बोळातली.
त्यांचे तांबे वर्षभर ह्या घरातून त्या घरात फिरले,
एक भांडण तर अजून मिटलेलं नाही.
आईचं एकेक भांडं आपसूक दारात आलं.
पोरं लांबूनच ओरडायची,
काकू, छ वाला घावला!

त्यातलाच एक तांब्या मी नमुना म्हणून आणलाय.
दस्तगीर चष्मा कपाळावर सरकवतो,
अक्षरांवरून अंगठा फिरवतो, डोळे मिटून.
हा हात अब्बांचा. तवा मशीन कुठलं.
ठोक्याठोक्यानं काढलंय बगा.
पण अक्षर गिऱ्हाइकाचं, खडूनं लिहून दिलेलं.
अब्बा आपल्या मनानं काना पण हलवायचे नाहीत.
मग म्हणतो, हेच घालू?

मी गप्प.
मी सहकारी बँकेत सह्या जुळवते.
एका वेलांटीसाठी म्हाताऱ्यांना परत पाठवलंय मी,
दुपारच्या उन्हात, दोन दोन वेळा.
ह्या पोरीनं कुठल्या कुठल्या खिडकीपाशी
छ समजावत उभं राहायचं?
आणि समजावलाच नाही,
तर पुढच्या पुरात तिचं काय ओळखीचं राहायचं?

जाऊ दे. दाखल्यावर वत्सला असू दे,
शाळेत, पासपोर्टावर, निकालाच्या यादीत.
व्ही की डब्ल्यू त्यांचं ते बघतील.
मी वाटी उपडी केली.
म्हटलं, इथं तळाला घाला. बारीक.
वर काही नको.

मशीन किरकिरलं.
व. दस्तगीर थांबला, फुंकर मारली.
छ ला गाठ मारताना जीभ दातांत धरली.
ला.
तीन अक्षरं, तीस रुपये.

पावतीवर नाव काय लिहू?
म्हटलं, आत्ताच तर घातलं की.
तो हसला, खालचा कार्बन सरळ केला
आणि सराईत हातानं लिहिलं:
वस्तला. वाटी, नग एक.

बँकेत असती तर परत केली असती.
घडी घालून वाटीत ठेवली.