फुटकी कवडी

हातोडी नको, फोलाउ. दगडानेच, आणि हलक्या हाताने.
कवडीचं ते दात विचकणारं पोट फोडून टाक,
ठिपक्यांची पाठ तेवढी सबंध निघाली पाहिजे.
पहिल्या दोन-तीन फुकट जाणारच.
माझ्या एका दुपारी अकरा गेल्या होत्या
आणि तुझा बाप मोजत बसला होता, मोठ्याने.

ही झाली उंदराची पाठ.
खाली दगड बांधायचा, ते पोट; निमुळतं टोक पुढे, तिथे तोंड समज.
मागे झावळीचा हीर, वीतभर. शेपूट.
काथ्या मांडीवर वळायचा. केस उपटले जातात, उपटू देत.
लिफुकाच्या दुकानात नायलॉन मिळतो, हिरवागार,
पण भिजला की गाठ सरकते,
मग उंदराचं डोकं एकीकडे, धड भलतीकडे,
आणि खाली बिळात ऑक्टोपस हसत असणार.

गळाला आमिष लावतात ते भुकेसाठी.
याला नीट बघ: टोक नाही, काटा नाही, खाण्यासारखं काही नाही.
याच्याकडे कुणी भुकेने येत नाही.
रागाने येतो.
गोष्ट तुला माहीत आहे.
बुडत्या उंदराला त्याने डोक्यावर बसवून किनाऱ्याला आणलं
आणि त्याने उतरता उतरता
तिथेच, त्या डोक्यावरच, घाण केली. वर दात काढले.
तो उंदीर मेला, तो ऑक्टोपसही मेला,
डूख तेवढा पोराबाळांत वाटला गेला
कोनफळाच्या वाफ्यांसारखा.

दगड.
हां, दगडाशीच नऊ वर्षं अडलंय माझं.
आजोबांनी घासलेला काळा दगड तुमच्या घरी.
इंजिनाचे पैसे आम्ही दोघांनी घातले होते,
इंजिन वादळाने नेलं,
आणि हिशेबाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, गावासमोर
तुझा बाप म्हणाला, तुला फुटकी कवडी देणार नाही.
ठेव तुझ्यापाशीच, मी म्हणालो.
तेव्हापासून माझ्या मीच फोडतोय.
दगड घेतो किनाऱ्यावरचे, प्रवाळाचे, पांढरे, हलके,
तळाशी टेकतच नाहीत, नुसते नाचतात.
उंदीर नाचत नाही रे. उंदीर पळतो.

खिशातून काय काढलंस?

थांब.
दे इकडे.
बापाला विचारलंस?
समुद्राकडे काय बघतोस?
बरं. समुद्र हो म्हणाला असं धरू.

रविवारी होडी काढायची नाही. सोमवारी, ओहोटीला.
उलांडी खडकाच्या बाजूला ठेव, वल्हं वाजवू नकोस.
दोर दोन बोटांत. झटका, थांबा, झटका.
तो बघ.
आधी खडकाचाच एक तुकडा वाटतो,
मग काळा पडतो, मग धावतो,
आठही हातांनी मिठी.
आता घाई नाही. सावकाश ओढ.
त्याला काहीसुद्धा टोचलेलं नाही,
धरलंय ते त्यानेच.
पाणी संपतं, ऊन लागतं, होडीची कड लागते,
तरी सोडत नाही.

काका, याला कळत नाही का, तू विचारलंस.
वल्हं धर, मी म्हणालो,
आणि त्याच्या डोळ्यांच्या मधे चावलो.

मग एकेक हात सोडवत बसलो.
पाचव्याला माझी बोटं थकली.
उरलेले तू सोडव.

दगड जसा आणलास तसा खिशात टाक.
कवडी राहू दे त्यावर, बांधलेली.
गाठ तो ओळखेल.
काथ्यात माझा एखादा केस वळला गेला असेल, पांढरा.
म्हणावं, फुटकीच आहे, परत मागणार नाही.
आणि हा नारळाच्या दुधात शिजव,
अगदी मऊ होईपर्यंत.
डावीकडच्या दाढा दुखतात त्याच्या,
लहानपणापासून.