सात हजार दोनशे तास

मासळीचा कारखाना बंद पडला
आणि मी लाइनच्या कामाला अर्ज भरला. वय चौतीस.
आई म्हणाली, खांबावर चढून काय दिवे लावणार आहेस?
म्हटलं, तेच.

पहिलं वर्ष जमिनीवरच गेलं.
वरचे मागतील ते दोराला बांधून वर पाठवायचं:
पाना, कप्पी, चिनी मातीचा इन्सुलेटर,
एकदा तर कॉफीचा थर्मास.
गाठ सुटली तर खाली उभी मीच.

ॲम्ब्रोस कीपिंग शिकवतो म्हणजे बोलत नाही.
गाठ चुकली की सोडतो
आणि दोर परत माझ्या हातात देतो.
फक्त सकाळी, ट्रकच्या मागच्या फळीवर नकाशा पसरून, विचारतो:
आज आपल्याला काय मारू शकतं?
मी पहिल्या दिवशी म्हटलं, वीज.
तो म्हणाला, आणि घाई. आणि लीअँडरचं ड्रायव्हिंग.

रबरी हातमोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा,
हवा बोटांत कोंडायची,
मग गालाशी धरायचा, पोराला ताप आहे का बघतो तसा.
बारीकसा श्वास लागला
तर मोजा बाद.

चढायला शिकवलं ते तारा नसलेल्या चौदा खांबांवर.
वर गेलो की चेंडू फेकायचे एकमेकांकडे.
झेलायला दोन्ही हात लागतात.
कंबरेचा पट्टा तेवढा आपला.
कंबर लांब ठेव, खालून ओरडत होते, लांब!
भ्यालेला माणूस खांबाला मिठी मारतो
आणि मिठी मारली की बुटांचे काटे सुटतात.
माझे सुटले.
नऊ फूट, डांबरट लाकूड हातांनी किसत.
ॲम्ब्रोसने ट्रकमध्ये बसून चिमट्याने कुसळं काढली,
रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकत.
एकवीस मोजली. मग म्हणाला, जा, चढ.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत,
पाऊस पडता पडता गोठला.
इथे त्याला ग्लिटर म्हणतात, जत्रेतली वस्तू असावी तसं.
तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या,
खांब गुडघ्यात मोडले,
गॉल्ट्स कोव्हमधली बत्तीस घरं तीन रात्री अंधारात.

कागदावर तार मेलेली होती.
नियंत्रण कक्षाने दोनदा तसं सांगितलं.
पण जमिनीला बांधल्याशिवाय तार मेली म्हणायची नाही,
आणि तपासल्याशिवाय बांधायची नाही.
मी लांब काठीने टेस्टर टेकवला.
तो ओरडला.
खालून ॲम्ब्रोस: काय म्हणतेय?
जिवंत आहे.
खाली ये.

दारं ठोठावत निघालो.
सातव्या घरामागच्या शेडमध्ये जनरेटर धडधडत होता,
थेट भिंतीतल्या सॉकेटात खुपसलेला.
त्याची वीज घरातून उलटी निघून
रस्त्यावर आली होती, माझ्यापर्यंत.
फ्रीजरमध्ये अर्धा मूस आहे, हर्बी फज म्हणाला,
नासला असता ना.
ॲम्ब्रोसने हळूच सांगितलं, ही वर होती.
हर्बीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे,
मग टोपी काढली
आणि कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

पुन्हा वर. पुन्हा टेस्टर. गप्प.
तारेला जमिनीशी बांधलं, जोडकाम केलं,
बांधलेलं सोडवलं,
मग काठीच्या टोकाने फ्यूज आत ढकलला.
खट्.
समोरच्या पडवीत दिवा लागला, भरदुपारी.
कुणी बाहेर आलं नाही, टाळ्या नाहीत.
दारातून एक सुरकुतलेला हात तेवढा निघाला
आणि त्याने दिवा बंद केला.

रात्री ॲम्ब्रोसने माझी वही भरली:
सोळा तास.
जेवणाचा अर्धा कापला.
शेरा: दोर ओलाच गुंडाळला.
अजून दोन हजारांवर बाकी आहेत.
सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये
हर्बीने वर्तमानपत्रात बांधून दिलेलं मूसचं मांस
हीटरच्या उबेला वितळत होतं,
माझ्या कोरड्या मोज्यांच्या दिशेने.