दारापेक्षा मोठी बोट

पुन्ता अरेनासच्या वाऱ्यात
टोपी घालायची नसते, धरायची असते.
सामुद्रधुनीपलीकडच्या गावाचं नाव पोर्वेनिर,
म्हणजे पुढचे दिवस.
चाळीस वर्षं आम्ही तिघं
फेरीबोटीनं रोज तिथं गेलो
आणि संध्याकाळी परत आलो.

आता निबाल्दोच्या गॅरेजात बसतो.

एलेउतेरियो म्हणतो, टोमॅटो लावणार.
इथं? या वाऱ्यात?
काचघर बांधतोय, म्हणे.
जुन्या खिडक्या जमवल्यात एकोणीस,
त्यातली एक शाळेची,
खिळ्यानं खरवडलेलं कुणा पोराचं नाव आहे तिच्यावर.
बायको म्हणते, आधी घरातली तावदानं बघ.

निबाल्दो रंधा मारत राहतो.
बूट सालपटांत बुडालेले.
काल तो आत गेल्यावर मी टेप लावून पाहिली :
बोट दारापेक्षा वीतभर रुंद.

कसं सांगावं, या विचारात
मातेचा भोपळा दोनदा फिरला,
नळीतून नुसता खुळखुळ आवाज यायला लागला,
तेव्हा सांगितलं.

त्यानं फुंकर मारून भुसा उडवला.
"दार मीच बसवलंय. मला ठाऊक नाही होय?"

मग दोघं माझ्याकडे वळले. "आणि तू रे?"

मला छंद नाही.
फेरीवर रिकाम्या वेळी मी
किनारा येण्याची वाट बघायचो, इतकंच.

निबाल्दोनं पॉलिशपेपरचा तुकडा फाडून दिला.
मी घासायला लागलो, तर हात धरला.
"एवढ्या जोरात नको.
उद्याला उरू दे."