नऊ चाळीस

शनिवार बाजारात मुस्तकीमच्या गाड्यावर
बावीसशेचा फोन अठराशेला पटला.
कोपऱ्यात काच तडकलेली, पाठीला चिकटपट्टी,
पट्टीवर बॉलपेननं काढलेला पॅटर्न, उलटा झेड.
“चालतंय ताई,” तो म्हणला, “पण दमानं चालतंय.”

खरंच. एक नंबर लावायचा तर
तोवर भाजी फोडणीला टाकून यावं.
वैजनाथ म्हणला, कंपनीनं हात वर केलेत,
याच्यात दुसरी सिस्टीम टाकू,
कुठल्यातरी पोरांनी रात्री जागून फुकट बनवलेली.
पण आधी कुलूप उघडावं लागंल.
अर्ज केला. उत्तर आलं:
एकशे अडुसष्ट तास थांबा.
तहसीलाच्या मानानं कमीच.

पहिल्याच रात्री नऊ चाळीसला फोन वाजला.
कॉल नव्हता. गजर.
खाली नाव लिहिलेलं: बाईची गोळी.

आमच्याकडं आईला बाई म्हणतात.
त्याच्याकडंही म्हणत असतील.
किंवा तिच्याकडं. कोण ते कळायला
ना फोटो होता, ना नंबर. सगळं पुसून दिलेलं,
एवढंच राहून गेलं,
रिकाम्या केलेल्या खोलीत खुंटीवर पिशवी राहावी तसं.

बंद करता येत होतं. नाही केलं.
चौथ्या रात्री हाताला पीठ होतं,
कोपरानं गप केलं.
पाचव्या रात्री वैजनाथ जिन्यातनं ओरडला,
“ताई, गोळी!”
दोघंही हसलो.
मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.

आठव्या दिवशी त्यानं लॅपटॉप आणला,
एंटरचं बटन निघालेला.
लाईटचा भरवसा नाही म्हणून
इन्व्हर्टरवाल्या काकूंच्या ओसरीत बसलो.
आवाज कमी करायचं बटन दाबून धरलं, केबल जोडली,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकली.
फोननं शेवटचं विचारलं:
आतलं सगळं जाईल. चालंल?
वैजनाथनं माझ्याकडं बघितलं.
साडेपाच झालते.
मी म्हणले, दाब.

आता पळतोय फोन.
चालू होताना दरवेळी एक उघडं कुलूप दाखवतो
आणि बजावतो, या यंत्रावर विश्वास ठेवू नका.

मुस्तकीमला विचारलं पुढच्या शनिवारी.
“सेलूकडला माल होता बहुतेक.
पोत्यात येतात ताई, पोत्याला नाव कुठलं?”

रात्री भांडी घासताना हात थांबला.
नळ बंद केला, तशीच उभी राहिले.
जिन्यातनं वैजनाथ, हळूच:
“ताई, किती वाजले?”