निळ्या पुठ्ठ्याची वही

नववी ब च्या हजेरीपटाखाली
एक निळ्या पुठ्ठ्याची वही असायची.
जुलैत एकदा, जानेवारीत एकदा
खेळाच्या तासाला काटा यायचा,
चौहान सर आकडा वाचायचे
आणि मी लिहायचे.
अक्षर चांगलं, म्हणून मी.

सरांचा आवाज कबड्डीच्या मैदानासाठी घडलेला.
"बोरगावकर शाल्मली, इकसठ!"
पार रामबागेच्या पुलापर्यंत गेला असेल.
मुलांच्या रांगेतून कुणी म्हणालं,
"भिया, काँटा संभालो."
मी खाली बघून लिहिलं, ६१.
सहाचं वळण नीट गोल काढलं.

ही तीच शाल्मली, जी दप्तरात
जिरावणाची पुडी ठेवायची
आणि मधल्या सुट्टीत पेरू फोडून
अख्ख्या बाकाला वाटायची.
दुसऱ्या दिवसापासून पुडी येईनाशी झाली.
डबा उघडायची, आत बघायची,
झाकण परत लावायची.

सगळा दोष काट्याला देता येत नाही.
हळदीकुंकवाला काकू म्हणालीच होती,
"बाळसं उतरलं नाही का गं अजून?"
ताईच्या लग्नात फोटोवाल्यानं
हाताच्या इशाऱ्यानं तिला मागच्या ओळीत ढकललं होतं.
फोनमध्ये तर एका बोटानं
गाल आत सरकायचे, रंग उजळायचा,
मग आरशातली मुलगी
कुणी परकी पाहुणी वाटायची.
आणि तिची आई.
सगळ्यांना गरम पोळी वाढून
शेजारणीला कौतुकानं सांगायची,
"मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही हं."
शाल्मली तिथेच बसून ऐकायची.

त्या दिवशी शेवटी माझी पाळी.
सरांचा फोन वाजला, ते गेटकडे गेले.
मी एकटीच काट्यावर चढले.
अठ्ठावन्न.
उतरले, वही उघडली
आणि लिहिलं, ५२.
सुंदर अक्षरात.

मान वर केली तर शाल्मली,
बुटाची नाडी बांधत, दोन हातांवर.
तिनं काट्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.
काही बोलली नाही.
पुढेही कधी बोलली नाही.

जानेवारीत ती स्वेटरावर स्वेटर घालून आली.
"बोरगावकर, उनचास! शाबाश!"
वर्गाने टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या, पेन काखेत धरून.
तिची नखं निळसर होती,
वहीच्या पुठ्ठ्यासारखी नव्हे,
थोडी फिकट.
दहावीला ती शाळेत नव्हती.
मामाकडे देवासला, कुणी म्हणालं.
कुणी म्हणालं, दवाखान्यात.
मी विचारलं नाही.

आता मी एकतीस वर्षांची.
दवाखान्याच्या खिडकीपाशी वजन विचारतात
तेव्हा तोंडात आधी बावन्न येतं,
ते गिळून मग खरं सांगते.
कधीकधी नाही सांगत.
खिडकीतली मुलगी मान खाली घालून
लिहून घेते.
चांगलं आहे तिचं अक्षर.