आवक-जावक

कळंब्याच्या तुरुंगात सतरा वर्षं मी कारकून होते.
माझ्या टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली रद्द झालेल्या परिपत्रकांची घडी.
दर सरकारागणिक घडी जाड होत गेली,
टेबल डुगडुगायचं ते डुगडुगायचंच.

बाबालाल नदाफ. बॅरेक चार, सतरंजी विभाग.
संचित रजा, एकवीस दिवस. कारण : मुलीचं लग्न.
संचित म्हणजे साठवलेली.
नऊ वर्षं त्यानं ती धाग्याधाग्यानं साठवली होती,
लाल शाईचा एकही शेरा नाही.

गावच्या पोलीस पाटलानं लिहिलं,
‘सदर इसम आल्यास गावात तणाव संभवतो.’
कसला तणाव, मी फोनवर विचारलं.
म्हणाला, ‘ताई, म्होरल्या म्हयन्यात पंचायत लागलीया.
नदाफ गल्लीत बत्तीस मतं हायती,
आन् ती आमची न्हाईत.’
ठाण्यानं त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं,
फक्त ‘संभवतो’चं ‘संभवतोच’ झालं.
त्या ‘च’वर गोल शिक्का बसला.

साहेब लोक वाईट नव्हते.
पहिल्यांच्या वडिलांना भर बाजारात कुणी मारलेलं,
त्यांनी दुपारचे पंखे बंद केले.
दुसऱ्यांचा धाकटा भाऊ दारूत गेला,
त्यांनी पंखे लावले, वर भजनाला पेटी आणली.
तिसरे बोर्डिंगात वाढले होते, त्यांना शिस्त आवडायची,
पंखा लागे तो भोंग्यावर, भोंग्यावरच थांबे.
चार नंबरातल्यांना वाटायचं, हे सरकारी धोरण.

मग दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात
रजेवर गेलेला एकजण परतला नाही.
पहिल्या पानावर त्याचा फोटो.
त्याच आठवड्यात आपल्या दसरा चौकात सभा होती,
कुणीसा मोठा माणूस माइकवर म्हणाला,
तुरुंग आहे की धर्मशाळा?
टाळ्या. मीही मंगळवारची भाजी घेऊन कडेला उभी होते,
पिशवी खाली ठेवून वाजवल्या की नाही, आठवत नाही.
गुरुवारी परिपत्रक आलं : पुढील आदेशापर्यंत सर्व रजा स्थगित.
पळालेला आठव्या दिवशी सापडला,
सासुरवाडीत, तापानं फणफणलेला.
ती बातमी सातव्या पानावर, राशिभविष्याखाली.
पुढील आदेश काही आला नाही.

इथवर सगळं मी कुणालाही सांगते.
बहिणीला सांगते, बागेतल्या बायकांना सांगते,
त्या म्हणतात, राजकारण गं सगळं.

माझ्या भावाला शिरोली नाक्यावर मारलं तेव्हा मी बारावीत होते.
मारणारा नदाफ नव्हता. त्याचं गावही वेगळं.
कलम मात्र तेच.
बाबालालची फाईल पुण्याला जायची होती,
ठाण्याचा ‘च’ धरूनही जायचीच होती, नियमानं.
तीन शनिवार ती माझ्या खणात राहिली,
डब्याच्या रुमालाखाली.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
कुणाचा फोन नाही, चिठ्ठी नाही.
चौथ्या सोमवारी काढली, पुसली,
त्यावर तेलाचा एक डाग होता.
तोवर तो गुरुवार होऊन गेला होता.

लग्न झालं. पोरगी मुलाखतीला आली,
मेंदीचे हात जाळीवर टेकून.
जावई काय करतो, त्यानं विचारलं.
‘गोकुळ शिरगावात लेथवर असतो, अब्बा.’
‘बोटं सांभाळ म्हणावं.’
एवढंच बोलला. मग वेळ संपली.
जाताना ती माझ्या खिडकीशी थांबली,
एक पेढा ठेवला कागदावर.
मी खाल्ला.

परवा निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना
नव्या मुलाला रजिस्टर दाखवलं.
त्यानं बोट ठेवून विचारलं, मॅडम, हे काय?
आवक क्रमांक अकराशे सेहेचाळीस. तारीख आहे.
जावकचा रकाना कोरा.

अक्षर ओळखू येत होतं.